इन्सुलिनवर जगणारी तरुण मुले : दूरगामी गुंतागुंत आणि तिचा हिशेब



आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि विभागवार आढावा यांबरोबर एखादा अभ्यासलेख देण्याचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी इन्सुलिनावलंबी मधुमेह, म्हणजे वैद्यक ज्याला आता पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणते, हा विषय निवडला आहे. त्यातही लहानपणी हा आजार जडून आज विशी-तिशीत आलेल्या तरुण-तरुणींचा विचार येथे मुख्यतः केला आहे. चांदूर रेल्वे आणि शेजारच्या धामणगाव, तिवसा, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांत मधुमेह म्हटले की वयस्क माणूसच डोळ्यांपुढे येतो. ‘शुगर त म्हाताऱ्याले होते’ हे वाक्य नोंदणीच्या खिडकीवर आम्ही अनेकदा ऐकले आहे. मधुमेह तपासणीची शिबिरेही बहुधा चाळिशी ओलांडलेल्यांसाठी भरतात. या सगळ्यात बावीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, दिसायला धडधाकट असा मुलगा कोणाच्याच नजरेत येत नाही. त्याच्या डोळ्यांत, मूत्रपिंडात आणि पायांच्या मज्जातंतूंत काय चालले आहे हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते.

आम्ही वैद्य नव्हे; रुग्णालयाचा कारभार आणि हिशेब पाहणारे आहोत. म्हणून वैद्यकीय भाग प्रसिद्ध संशोधनाच्या आधाराने थोडक्यात मांडला आहे. जेथे विषय खर्चाचा, सवयीचा आणि घरच्या परिस्थितीचा होतो, तेथे मात्र आम्ही आमचे मत मोकळेपणाने दिले आहे.

आजाराचे स्वरूप

पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती चुकीने या पेशींवर उलटते आणि त्या हळूहळू नष्ट होतात. इन्सुलिन संपले की अन्नातील साखर रक्तातच फिरत राहते, पेशी उपाशी राहतात, मूल झपाट्याने वाळते, सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते. उपचार एकच : बाहेरून इन्सुलिन, रोज, आयुष्यभर. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. आईने गरोदरपणी काही पथ्य मोडल्याने होत नाही. हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण दोष बहुतेक घरांत आईच्याच माथी मारला जातो आणि त्या भांडणात उपचाराचे पहिले वर्ष वाया जाते.

इन्सुलिन हाती येण्यापूर्वी असे मूल काही महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत दगावत असे. कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये जो शोध लावला, त्याचा पहिला लाभ लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला जानेवारी १९२२ मध्ये मिळाला. पहिले इंजेक्शन फारसे उपयोगी पडले नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर दुसऱ्या खेपेला त्याची साखर उतरली. पुढे तो तेरा वर्षे जगला आणि १९३५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. त्या काळी हा चमत्कारच होता. पण त्यानंतरच्या वर्षीच, १९३६ मध्ये, किमेलस्टील आणि विल्सन या दोघा वैद्यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांत आढळणाऱ्या विशिष्ट गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. इन्सुलिनने मुलांचा तात्काळ मृत्यू टाळला होता. आता आयुष्य लांबल्यावर दुसरेच दुखणे दिसू लागले होते. या लेखाचा विषय ते दुसरे दुखणे आहे.

रोजकीर्द आणि सरासरी

साखर जास्त राहिल्याने अवयव बिघडतात, की ते या आजाराबरोबर येणारे प्रारब्धच आहे, यावर वैद्यांत कित्येक वर्षे वाद होता. तो वाद अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाने मिटवला. १९८३ ते १९९३ या दहा वर्षांत, २९ केंद्रांत, १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ रुग्णांवर तो झाला. निम्म्यांना त्या काळच्या रीतीप्रमाणे दिवसाला एक किंवा दोन इंजेक्शने दिली गेली. उरलेल्यांना तीन किंवा अधिक इंजेक्शने किंवा पंप, आणि दिवसातून चार वेळा बोटातून रक्ततपासणी. निकाल इतका स्पष्ट आला की अभ्यास ठरल्या मुदतीच्या वर्षभर आधीच थांबवण्यात आला. काटेकोर उपचार घेतलेल्यांत डोळ्यांचा विकार नव्याने होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी, मज्जातंतूंचा विकार ६० टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाच्या विकाराची पहिली खूण ३९ टक्क्यांनी कमी आढळली.

दोन गटांतील फरक मोजला गेला तो ‘एचबीएवनसी’ या तपासणीने. रक्तातील तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचे हे प्रमाण मधुमेह्यांत वाढलेले असते, हे तेहरानमधील सॅम्युअल राहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर बोटातून काढलेल्या रक्ताची साखर ही रोजकीर्दीतील एक नोंद आहे, आणि एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून एक नोंद चांगली दाखवता येते. सरासरी दाखवता येत नाही. वरील अभ्यासात काटेकोर गटाची सरासरी सातच्या आसपास होती, दुसऱ्या गटाची नऊच्या आसपास. केवळ दोन अंकांचे हे अंतर होते.

अभ्यास संपल्यावर जे घडले ते आम्हांस अधिक विचार करावयास लावणारे वाटते. दोन्ही गटांना सारखेच उपचार सुचवले गेले आणि काही वर्षांत दोन्हींची सरासरी आठच्या जवळ येऊन मिळाली. तरीही ज्यांनी ती साडेसहा वर्षे साखर ताब्यात ठेवली होती, त्यांना पुढेही लाभ मिळत राहिला. २००५ मध्ये जाहीर झालेल्या नोंदींत त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी होते. शरीर जुनी साखर विसरत नाही, असा याचा अर्थ वैद्य लावतात. चांगली वर्षे पुढे कामास येतात आणि वाईट वर्षांचे व्याज पुढे द्यावे लागते. म्हणूनच पंधरा ते पंचवीस ही दहा वर्षे आम्हांस इतकी महत्त्वाची वाटतात.

एक सावधगिरीही याच अभ्यासात नोंदली आहे. काटेकोर गटात साखर एकदम उतरून बेशुद्ध होण्याचे प्रसंग तिपटीने वाढले होते. साखर कमी ठेवणे म्हणजे केवळ इन्सुलिन वाढवणे नव्हे. मोजमाप केल्यावाचून इन्सुलिन वाढवणे धोक्याचे आहे.

कोठे काय बिघडते

डोळ्यांच्या दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या प्रथम कमजोर होतात. त्यांना फुगे येतात, त्या झिरपतात, पुढे नव्या ठिसूळ वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. आजाराच्या पहिल्या पाच वर्षांत हे क्वचित दिसते. वीस वर्षांनंतर कमी-अधिक खुणा बहुतेकांत सापडतात. बिघाड बराच पुढे जाईपर्यंत नजर उत्तम असते, ही यातील फसवी बाजू. मुलगा मोटारसायकल चालवतो, मोबाईलवरची बारीक अक्षरे वाचतो, मग डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करून तपासायचे कशाला, असे घरच्यांना वाटते. परंतु लेसर उपचाराने दृष्टी वाचते ती वेळेवर केल्यास. गेलेली दृष्टी तो परत आणत नाही.

मूत्रपिंडाचे तसेच. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सूक्ष्म प्रमाणात जाऊ लागते, ही पहिली खूण. साध्या लघवी तपासणीत ती सापडत नाही, वेगळी तपासणी सांगावी लागते; आणि एकाच अहवालावर विश्वास न ठेवता तीनपैकी दोन वेळा प्रमाण वाढलेले आढळले तर ते खरे धरतात. या टप्प्यावर रक्तदाबाच्या एका विशिष्ट गटातील गोळ्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात, हे १९९३ पासून सिद्ध आहे. पायांवर सूज येईपर्यंत थांबले तर मात्र पुष्कळ काळ निघून गेलेला असतो.

पायांबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मज्जातंतू बिघडले की तळपाय बधिर होतात. आपल्या भागात अनवाणी शेतात जाणे, तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांतून चालणे, उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर देवळाची प्रदक्षिणा घालणे हे नेहमीचे आहे. बधिर पायाला काटा बोचलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही. जखम चिघळून वास येऊ लागल्यावर घरचे लोक पाहतात. बधिर पायाची निगा कशी राखावी हे ज्ञान अमरावती जिल्ह्याला परके नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभे केले, तेथील कुष्ठरुग्णांचा प्रश्न नेमका हाच होता : वेदना नसलेला पाय. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, रोज संध्याकाळी तळपाय पाहण्याची सवय, भेगांना तेल, पाण्याची ऊब कोपराने अजमावून मगच पाय बुडवणे, ही शिस्त कुष्ठसेवेतून आली आणि मधुमेहाच्या पायाला ती जशीच्या तशी लागू पडते. कुष्ठरोगाचे नाव काढताच मधुमेही तरुणाच्या घरचे दचकतात, हे आम्ही पाहिले आहे. दोन्ही आजारांचा काही संबंध नाही. फक्त पायाची निगा सारखी आहे.

आणखी एक खूण अशी आहे की जी घरी, पैसा न खर्चता पाहता येते. मुलाला दोन्ही हात जोडून नमस्कार करावयास सांगावे. तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकली पाहिजेत. मधल्या सांध्यांत फट राहत असेल, तर साखर दीर्घकाळ जास्त राहिल्याने सांधे आखडले असण्याचा संभव आहे, आणि अशा रुग्णांत डोळे व मूत्रपिंड यांचे विकारही अधिक आढळतात. फट नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा उलटा अर्थ मात्र काढू नये.

याशिवाय हृदयविकाराचा धोका, जठर मंदावणे, थायरॉइडचे विकार आहेत. तरुण पुरुषांत वैवाहिक जीवनाशी निगडित दौर्बल्य येते; त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून येथे एवढा उल्लेख करून ठेवतो. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना विचारावे.

तरुणपणीच का

अमेरिकेत वीस वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला सरासरी आठ वर्षे झालेल्या, सुमारे एकवीस वर्षांच्या तरुणांत दर शंभरात ३२ जणांना एखादी तरी गुंतागुंत वा तिची पूर्वखूण आढळली. मूत्रपिंडाची सुमारे सहांत, डोळ्यांची तितक्याच जणांत, पायांच्या मज्जातंतूंची आठ-नऊ जणांत. तेथे औषधे, पट्ट्या आणि तज्ज्ञ यांची आपल्याहून पुष्कळ अधिक सोय आहे, हे ध्यानात घेऊन हा आकडा वाचावा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुले या आजारासह जगत आहेत, आणि ही संख्या जगातील कोणत्याही देशाहून अधिक आहे. ही मुले दरवर्षी मोठी होत आहेत.

मूल लहान असते तोवर आई इंजेक्शन देते, डबा मोजून भरते, शाळेतल्या बाईंना सांगून ठेवते. दहावी-बारावीनंतर मुलगा अमरावतीला किंवा पुण्याला खोली करून राहतो, खानावळीत जेवतो, मित्रांसमोर सुई काढायला संकोचतो. एक डोस चुकतो, काही होत नाही. आठवड्यातून चार चुकतात, तरीही वरवर काही होत नाही. किशोरवय ते विशीचा आरंभ या काळात साखरेची सरासरी सर्वांत बिघडलेली असते, असे जगभरच्या नोंदी सांगतात. त्यात वाढीच्या वयातील संप्रेरकांचाही वाटा असतो, सगळाच बेफिकिरीचा नाही. पालकांनी हे समजून घ्यावे. रागावलेल्या घरातला मुलगा खोटी वही लिहून आणतो, आणि खोटी वही कोऱ्या वहीहून घातक असते, हे हिशेब पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

शेती करणाऱ्या तरुणांची अडचण वेगळी. कृषिपंपांची वीज पुष्कळदा रात्री मिळते, त्यामुळे रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला रात्री एकट्याने जावे लागते. संध्याकाळचे इन्सुलिन घेतलेले, जेवण लवकर झालेले, वर चार तासांचे कष्ट. अशा वेळी साखर उतरून अंधारात धुऱ्यावर पडलेला माणूस सकाळपर्यंत कोणाला दिसत नाही. एकदा तसा अनुभव आला की तो तरुण भीतीने इन्सुलिनच कमी करतो आणि वर्षानुवर्षे साखर तीनशेवर ठेवून ‘बरे’ वाटून घेतो. उपाय साधा आहे : निघण्यापूर्वी एकदा साखर मोजणे, खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा, घाम-थरथर जाणवताच तीन चहाचे चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणे, आणि बरोबर एक माणूस. शेवटची गोष्ट मिळणे सर्वांत कठीण.

मुलींचा प्रश्न विवाहाशी गुंतलेला आहे. सोयरीक जमवताना आजार लपवला जातो, आणि मग सासरी फ्रीजमध्ये कुपी ठेवायची कोठे, इंजेक्शन घ्यायचे केव्हा, येथून सगळेच अवघड होते. लग्नानंतरच्या काही दिवसांत इन्सुलिन बंद पडून रक्तात आम्ल साचलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या नववधू रुग्णालयात येतात. त्यांतील एकीने शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न ‘सासूबाईंना काय सांगितलं?’ हा विचारला होता. आमचे मत स्पष्ट आहे : आजार सांगूनच लग्न ठरवावे. ज्या घराला ते मान्य नाही त्या घरात मुलगी इन्सुलिन घेऊन जगू शकणार नाही. गर्भारपण शक्यतो ठरवून यावे, त्यापूर्वी एचबीएवनसी साडेसहाच्या आसपास यावे आणि डोळ्यांची तपासणी व्हावी, कारण दृष्टिपटलाचा विकार गर्भारपणात वेगाने वाढू शकतो. एवढे सांभाळले तर बहुसंख्य मातांना निरोगी मूल होते. हा आजार मातृत्वाच्या आड येतो हा समज चुकीचा आहे.

उन्हाळा, मडके आणि सिरिंज

इन्सुलिन घेऊनही साखर ताब्यात येत नाही, अशी तक्रार मार्च ते जून या काळात वाढते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते; उघडलेली साधारण चार आठवडे साध्या तापमानात चालते, पण ते तापमान २५ ते ३० अंशांचे गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि टिनाच्या घरात तर विचारूच नये. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल, तर दोन मडक्यांची युक्ती उत्तम. मोठ्या मडक्यात वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, वाळू दोन वेळा ओली करावी, कुपी घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवावी, वर ओले फडके, आणि हे सर्व सावलीत, वारा लागेल अशा जागी. पाणी उडून जाताना उष्णता नेते, यावर ते चालते. म्हणूनच आपला कूलर जसा कोरड्या उन्हाळ्यात गार करतो आणि पावसाळ्यात करत नाही, तसेच मडक्याचे आहे. फ्रीज असलेल्यांनी कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

सिरिंजविषयी एक सूचना. आपल्याकडील कुप्यांत बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसांत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. कुपी ४० ची आणि सिरिंज १०० ची झाली तर डोस अडीच पटीने कमी पडतो; उलट झाले तर अडीच पटीने जास्त. दुकानातून सिरिंज घेताना टोपणाचा रंग पाहावा. शिवाय रोज एकाच जागी टोचल्याने कातडीखाली गाठी होतात व तेथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही; जागा बदलत राहावी.

खर्च कोण करतो

आता ज्या भागासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळतो. पन्नास किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला सुमारे ४० युनिट इन्सुलिन लागते असे धरू. दहा मिलीलिटरच्या कुपीत ४०० युनिट. म्हणजे दहा दिवसांना एक कुपी, वर्षाला ३७. दिवसाला चार तपासण्या धरल्या तर वर्षाला १,४६० पट्ट्या. इन्सुलिनची कुपी कशीबशी विकत घेतली जाते, कारण तिच्यावाचून माणूस जगत नाही. पट्टीवाचून मात्र आजचा दिवस निघतो, म्हणून खर्चाला पहिली कात्री पट्टीवर लागते. मग अंदाजाने डोस, अंदाजाने जेवण, आणि वर सांगितलेली सरासरी नऊ-दहावर.

शासकीय योजनांचा आम्हांस आदर आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होते, आणि ते होते म्हणून अनेक घरे उभी आहेत. परंतु हिशेबनीसाच्या नजरेला एक विसंगती खटकते. मूत्रपिंड गेल्यावर आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला १५६ डायलिसिस करण्याची तरतूद आहे. ते मूत्रपिंड वाचवणाऱ्या रोजच्या पट्टीची तशी तरतूद नाही. दुसरी अडचण वयाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, तो १८ वर्षांपर्यंत. केरळ राज्याने २०१८ मध्ये ‘मिठाई’ या नावाने या आजारासाठी खास योजना काढली, तीही मुलांसाठी. अठरावा वाढदिवस झाला की आजार तोच, गरज वाढलेली आणि मदतीचे दार बंद, असे अनेकांच्या बाबतीत घडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२२ मध्ये या आजाराच्या उपचारासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रथमच जाहीर केली, ही समाधानाची गोष्ट. ती अमलात यावयास पैसा लागेल.

लोकाश्रयावर हे काम होऊ शकते याचे उदाहरण विदर्भातच आहे. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ‘ड्रीम ट्रस्ट’ स्थापन केला आणि गरीब घरांतील मुलांना इन्सुलिन विनामूल्य देण्याचे काम हाती घेतले. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते. नागपूर आपल्याला रेल्वेने जवळ आहे. पण मजुरी बुडवून दरमहा जाणे प्रत्येकाला साधत नाही. तरुणांना साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे तालुक्याच्या गावी, पट्टी आणि वार्षिक तपासणी मिळाली पाहिजे.

येथे देणगीदारांशी मोकळेपणाने बोलतो. खाट, पंखा, पाण्याची टाकी, खोली यांसाठी देणगी सहज मिळते. त्यावर आईवडिलांचे नाव कोरता येते, आणि त्यात गैर काही नाही. पट्टीवर नाव कोरता येत नाही. ती एकदा वापरून केराच्या डब्यात जाते. तिचे फळ पंधरा वर्षांनी दिसते आणि तेही ‘काही झाले नाही’ या रूपात. तरुणाची नजर शाबूत राहिली, एवढेच. अशा न घडलेल्या गोष्टीची पावती देणे आम्हांस कठीण जाते. तरीही विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, या कामासाठी वेगळे खाते असावे, त्यातून अठरा ते तीस या वयोगटास पट्ट्या व वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी मिळावी, आणि खात्याचा जमाखर्च स्वतंत्र छापावा. एका दात्याने एका तरुणाचे एक वर्ष उचलले, तर ते १,४६० पट्ट्या, चार एचबीएवनसी, एक डोळ्यांची, एक लघवीतील अल्ब्युमिनची, एक रक्तातील चरबीची आणि एक थायरॉइडची तपासणी, इतके असते. पाय आणि रक्तदाब तपासावयास वस्तू लागत नाही, वेळ लागतो. तो आमचे डॉक्टर आणि परिचारिका देतील.

नातेवाइकांना एवढेच सांगावयाचे की, आजाराला पाच वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीने, काही त्रास नसला तरी, वरील तपासण्या दरवर्षी कराव्यात. येताना साखरेची वही जशी असेल तशी आणावी. रकाने रिकामे असले तरी चालतील. डोळ्यांत थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नये, बरोबर कोणीतरी असावे. उलट्या-जुलाब होत असतील, जेवण जात नसेल, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. तसेच निघून रुग्णालयात यावे, रात्र असली तरी. आणि इन्सुलिन सोडवून देतो असे म्हणणारा कोणी भेटला, त्याची पुडी घेतली असेल, तर ती लपवू नये. बरोबर घेऊन यावी.